सहाव्या झाडाचे फुटवे

मालकांनी ड्रिपच्या व्हॉल्व्हकडं बोट दाखवून विचारलं, "हा कोण फिरवतं?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या, म्हणजे उत्तर मिळालंच.

"सुमनबाई, पाणी किती सोडता?"

मी तोंड उघडलं, पण मालकांसमोर मला बोलणंच जमत नाही. माझ्याबरोबर काम करणारी कौसाबाई माझ्या वतीनं बोलली. "जेवढं सांगितलंय तेवढंच सोडती ती. थेंब जास्त नाय का कमी नाय."

"मग ही झाडं कशानं वाळली?"

आमच्यासमोर पेरूची सहा झाडं एका ओळीत उभी होती. पाच झाडांनी माना टाकल्या होत्या. पानं वाळून कुस्करायच्या लायकीची झाली होती, पण गळत नव्हती. बुडाशी माती ओली होती. मी वाकून मूठभर उचलली, दाबली, तर लाडू झाला. ओल होती आणि झाड तहानेनं मेल्यासारखं दिसत होतं. मला काहीच कळेना.

आमची नर्सरी हर्सूलच्या पुढं, फुलंब्री रोडला आहे. मालक विनायकराव. त्यांचे वडील भिक्षुकी करायचे, मालक स्वतः बँकेत होते. नोकरी सोडून त्यांनी नर्सरी काढली. ती सहा झाडं म्हणजे त्यांचा जीव. फळ आतून गुलाबी, बी कमी, गोडीला एक नंबर. त्यांना आम्ही मदर प्लांट म्हणतो, म्हणजे ज्या झाडापासून रोपं तयार करायची ते आईझाड.

रोपं तयार करायचं माझं काम. त्याला गुटी बांधणं म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अंगठ्यापेक्षा थोडी बारीक फांदी धरायची. तिची साल गोल, बांगडीसारखी, सगळीकडून काढायची. आतलं पांढरं लाकूड उघडं पडतं. त्यावरचा चिकटपणा चाकूनं खरवडायचा, मुळ्या फुटायचं औषध वरच्या कडेला लावायचं, ओलं मॉस म्हणजे वाळवून भिजवलेलं शेवाळ भोवती लपेटायचं आणि वरून प्लास्टिक घट्ट बांधायचं. काही आठवड्यांनी प्लास्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसतात. मग गुटीच्या खाली कापून फांदी पिशवीत लावली की झालं रोप. मुळ्या कायम वरच्या कडेला फुटतात, खालच्या कडेला कधी फुटत नाहीत. मी इतकी वर्षं बांधतेय, पण असं का, हे कधी विचारलं नव्हतं.

मला हे शिकवलं शकूरभाईंनी. ते आमचे सुपरवायझर. दाढी पांढरी, हात अजून तरुण. त्यांचे दोन नियम. पहिला, साल काढताना लाकडाला इजा नको. दुसरा, गुटी बांधलेल्या झाडाला खाली बुडात नवे फुटवे आले तर ते लगेच खुडायचे.

"नीचे का फुटवा मुफ्तखोर है," ते म्हणायचे. "न फल देता, न गुटी. खाली बैठ के खाता. तोडो."

आम्ही तोडत होतो. दरवर्षी.

त्या वर्षी मोठी ऑर्डर आली. पैठणकडच्या एका बागायतदाराला गुलाबी पेरूची पूर्ण बाग लावायची होती. एरवी आम्ही झाडाच्या काही फांद्यांना गुटी बांधायचो, बाकीचं झाड तसंच ठेवायचो. त्या वर्षी मालक पावसाळ्याच्या सुरुवातीलाच झाडाखाली येऊन उभे राहिले.

"एकही फांदी रिकामी नको," ते म्हणाले. "बारीक काटक्या छाटून टाका. ज्यात जोर आहे त्या सगळ्या बांधा."

शकूरभाई वर बघत राहिले. "सगळ्या?"

"सगळ्या. झाड तेच, पाणी तेच, मग रोपं कमी का काढायची?"

हिशेब बरोबर वाटला. आम्ही बांधलं. झाडं कशी दिसायला लागली ते सांगते. प्रत्येक फांदीवर प्लास्टिकची गाठ, जशी सगळ्या अंगाला पट्ट्या बांधलेली माणसं. सुरुवातीला तर त्यांचं रूप खुललं. पानं जाड झाली, काही पानांवर लाली चढली. छाटणीतून सुटलेली चार-दोन फळं होती ती अशी फुगली आणि इतकी गोड झाली की मालकांनी सुरीनं फोडी करून सगळ्यांना वाटल्या. मला पण दिली. आलेल्या पाहुण्यांनी झाडाशेजारी उभं राहून फोटो काढले.

"बघा," मालक म्हणाले, "गुटीनं झाड सुधारलं."

मला पण तसंच वाटलं.

मग बागायतदाराचे खड्डे वेळेत तयार झाले नाहीत. तो म्हणाला, दिवाळीनंतर रोपं नेतो. आमच्या शेडनेटच्या सावलीत पिशव्या ठेवायला जागा नव्हती. मालक म्हणाले, राहू द्या गुट्या झाडावरच. त्या राहिल्या. मधल्या काळात बुडातून फुटवे यायचे, एरवीपेक्षा कितीतरी जास्त, आणि आम्ही ते खुडायचो. आज खुडले की पुन्हा कोंब तयार. कौसाबाई म्हणायची, "काय वं ह्यांचा हट्ट! सवतीच्या पोरावानी पुन्हा पुन्हा दारात येत्यात."

पावसाळा सरला, ऊन तापलं आणि पहिल्या झाडानं मान टाकली. मग दुसऱ्यानं. गुट्यांमधल्या मुळ्या पण वाळल्या. आता पाच गेली होती.

त्या दिवशी व्हॉल्व्हजवळ प्रत्येकाचं वेगळंच म्हणणं होतं. कौसाबाई म्हणाली, "नजर लागली. ते फोटू काढत व्हते ना, त्यातल्या कुणाचीतरी."

शकूरभाई म्हणाले, "मॉस में कीड होगी."

मालकांनी फोनवर कोणालातरी फोटो पाठवले होते. ते म्हणाले, "दोनच गोष्टी असू शकतात. एक तर पाणी जास्त होऊन मुळं सडली. नाहीतर मर रोग लागला." मर रोग म्हणजे मातीतली बुरशी. पेरूच्या मुळांतून शिरते आणि उभं झाड वाळवते, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. "पाणी असेल, तर सुमनबाई, तुम्हाला दुसरीकडं काम बघावं लागेल. मर असेल, तर ते सहावं झाड पण आजच तोडून जाळायचं. कृषी खात्याच्या मॅडमना मी बोलावलंय, पण वाट बघत बसायला नको."

गुटीचं काम सावलीत उभं राहून होतं. ते गेलं तर मुकुंदवाडीच्या मजूर नाक्यावर उभं राहून बांधकामावर जायचं, पाट्या उचलायच्या. माझी कंबर आता त्याला तयार नाही. म्हणून मनात म्हटलं, देवा, मर रोग निघू दे. पण लगेच सहाव्या झाडाकडं नजर गेली. ते हिरवंगार होतं. मर निघाला तर त्याच्यावर कुऱ्हाड. मग म्हटलं, नको, मर नको. मग काय निघू दे? काय मागावं तेच समजेना.

सहावं झाड मला जास्तच गोंधळात टाकत होतं. ते ओळीच्या टोकाला, कंपाउंडच्या जाळीला लागून होतं. त्याला पण आम्ही सगळ्या फांद्यांना गुट्या बांधल्या होत्या. पाणी त्याच ड्रिपचं, माती तीच. निगा तर सगळ्यात कमी त्याची, कारण गुट्या बांधून झाल्यावर त्याच्या बुंध्याजवळ गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. कौसाबाईला एकदा हातावर चावल्या, हात कोपरापर्यंत सुजला. तेव्हापासून त्याच्याखाली कोणी गेलं नव्हतं. बुडाशी फुटव्यांचं रान माजलं होतं. सगळ्यात वाईट ठेवलेलं झाड तेच, आणि जिवंत पण तेच.

मालकांनी शकूरभाईंच्या हातात कुऱ्हाड दिली. शकूरभाईंनी ती घेतली, पण पाऊल उचललं नाही. मालक म्हणाले, "काय झालं?"

मला बोलायचं होतं की साहेब, मॅडम येईपर्यंत थांबा, हे एकच झाड उरलंय. एवढं लांब वाक्य माझ्याच्यानं झालं नाही. तोंडातून एकच शब्द निघाला. "माश्या."

"काय?"

"गांधीलमाश्या हायत तिथं."

कौसाबाईला लगेच कळलं. ती पुढं झाली आणि तिनं हात वर करून दाखवला. "लई वंगाळ चावत्यात, मालक. कुऱ्हाड मारली की सगळ्या उठत्याल. अन् तुमी तर इथंच उभे."

मालक चार पावलं मागं सरकले. "मग धूर करा आधी."

धूर करायला ओला पाला शोधायचा, तो पेटत नाही, मग काडेपेटी सापडत नाही. शकूरभाईंनी काडेपेटी स्वतःच्या खिशात ठेवून शेडभर शोधली. तेवढ्यात मॅडमची स्कूटी गेटातून आत आली.

मॅडम वयानं माझ्या थोरल्या मुलीएवढ्या. हेल्मेट काढलं, केस नीट केले, झाडं बघितली आणि म्हणाल्या, "मर वाटतोय." पण मग त्यांनी वाळलेल्या झाडाची एक फांदी सिकेटरनं, म्हणजे छाटणीच्या कात्रीनं, कापली, उभी चिरली आणि आतलं लाकूड उन्हात धरलं.

"मर असता तर आत तपकिरी रेघा दिसल्या असत्या. हे स्वच्छ आहे." त्यांनी बुंध्याचा पण एक तुकडा काढून बघितला. तो पण स्वच्छ. "मर नाही दिसत."

मालक म्हणाले, "म्हणजे पाणीच."

सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं. मी पदर तोंडाशी धरला.

मॅडमनी शकूरभाईंना मूळ खणायला सांगितलं. त्यांनी बोटाएवढं मूळ काढून दिलं. मॅडमनी ते नाकाजवळ नेलं. "पाण्यानं सडलं असतं तर घाण वास आला असता. वास नाही. नुसतं पोकळ लागतंय." त्यांनी ते मोडलं, तर काडीसारखं कट्कन मोडलं.

"मर नाही, पाणी नाही, मग काय?" मालक चिडले. "मॅडम, झाडं आपोआप मरतात का?"

"मला पण समजत नाहीये," मॅडम म्हणाल्या. ते ऐकून मला बरं वाटलं. मला वाटत होतं, न कळणारी मी एकटीच आहे.

मॅडम ओळीनं चालत सहाव्या झाडापाशी गेल्या. आम्ही सगळ्या ओरडलो, "माश्या!" त्या थांबल्या आणि लांबूनच बघत राहिल्या. "याचे फुटवे का ठेवलेत?"

"ठेवलं नाय, राहिलं," कौसाबाई म्हणाली. "माश्या चावत्यात म्हणून कोण जाईना. त्यास्नी काय आमची लाज हाय?"

"बाकीच्यांचे काढलेत?"

शकूरभाई म्हणाले, "हर बार काढते. मैंने ही सिखाया. नीचे का मुफ्तखोर..."

मॅडमनी वाळलेल्या झाडांकडं बघितलं, मग गुट्यांकडं बघितलं. एकेका फांदीवरून बोट फिरवत गेल्या, जसं शाळेत बाई ओळी वाचताना फिरवतात. "एकही फांदी मोकळी नाही?"

"नाही," मालक म्हणाले.

"फर्स्ट एड बॉक्स आहे का इथं?"

आम्हाला वाटलं, यांना माशी चावली. कौसाबाई पळत जाऊन पेटी घेऊन आली. मॅडमनी त्यातली जखमेला लावायच्या तपकिरी औषधाची बाटली काढली. शकूरभाई तोंडाला टॉवेल बांधून जाळीच्या बाजूनं गेले आणि सहाव्या झाडाचं एक मूळ, हात लांब करून, माश्यांना कळू न देता कापून आणलं. मॅडमनी दोन मुळं शेजारी ठेवली. एक मेलेल्या झाडाचं, एक जिवंत झाडाचं. दोन्ही तिरपी कापली आणि दोन्हींवर औषधाचा एकेक थेंब टाकला.

मेलेल्या मुळावर थेंब तपकिरीच राहिला. जिवंत मुळावर थोड्या वेळानं तो काळानिळा झाला, शाई सांडल्यासारखा.

"झाड साखर साठवतं ती पिठाच्या रूपात," मॅडम म्हणाल्या. "पीठ असलं की हे औषध काळं होतं. या मुळात पीठ आहे. त्या मुळात काहीच नाही. ही झाडं उपाशी मेली."

"उपाशी?" मालक म्हणाले. "खत दिलंय, मॅडम. पावती आहे."

"खत म्हणजे जेवण नाही. जेवण पानात तयार होतं. उन्हात पान साखर करतं. ती साखर रसातून सालीच्या आतल्या बाजूनं खाली मुळांपर्यंत जाते. पाणी मात्र लाकडातून वर चढतं. दोघांचे रस्ते वेगळे."

कौसाबाई म्हणाली, "म्हंजी एक जिना चढायचा अन् एक उतरायचा?"

"तसंच, मावशी. गुटी बांधताना तुम्ही साल काढता, लाकूड ठेवता. म्हणजे चढायचा जिना राहतो, उतरायचा कापला जातो. एकदोन फांद्यांचा कापला तर बाकीच्या फांद्या मुळांना जेवू घालतात. तुम्ही सगळ्यांचाच कापला."

मला एक प्रश्न पडला होता. तो इतका मोठा झाला की लाज मागं पडली. मी कौसाबाईच्या कानात सांगितला. ती म्हणाली, "तूच विचार की. मी काय तुझी पोस्टमन?"

मी विचारलं, "मग ती साखर गेली कुठं?"

मॅडम माझ्याकडं वळल्या. "वरच अडकली. अशी अडकली की पानं लाल होतात, फळं गोड होतात. आणि कापलेल्या वरच्या कडेला साखर साठली म्हणून तिथं मुळ्या फुटल्या. तुमची गुटी जमते ती त्याच्यामुळंच."

म्हणजे जी गोष्ट रोप जन्माला घालत होती तीच आईला मारत होती. आणि आम्ही ते गोड पेरू खात होतो, झाड सुधारलं म्हणत होतो.

"आणि फुटवे?" शकूरभाईंनी हळूच विचारलं.

"गाठीच्या खाली फक्त फुटव्यांनाच पानं होती, चाचा. खाली साखर करणारं तेवढंच उरलं होतं. झाड पुन्हा पुन्हा फुटत होतं ते त्यासाठीच."

शकूरभाईंनी कुऱ्हाड उचलली, शेडमध्ये नेऊन ठेवली आणि परत येऊन सहाव्या झाडाकडं बघत म्हणाले, "हम समझे मुफ्तखोर. और वोच कमा के खिला रहा था."

मी अजून एक विचारलं. आता विचारायला लागलेच होते. "साखर खालीच जाती का? मग फळात कशी येती?"

मॅडम म्हणाल्या, "जिकडं भूक तिकडं जाते. फळ असेल तर वर पण जाते. पानात साखर दाटली की ती शेजारचं पाणी ओढून घेते, तिथं दाब वाढतो. जिथं साखर खर्च होते तिथं दाब कमी. मग रस तिकडं सरकतो. मोटार नाही, पंप नाही."

मी ड्रिप चालवते. दाब जास्त तिकडून दाब कमी तिकडं पाणी जातं एवढं मला समजतं. पण पानातल्या त्या बारीकशा साखरेला कोण सांगतं की आता मुळाकडं चल, आता फळाकडं चल, ते मला तेव्हा पूर्ण कळलं नाही. आजही पूर्ण कळलेलं नाही. कधी कधी पेरू खाताना थांबते आणि वाटतं, ही गोडी कोणाच्या वाट्याची होती?

मालकांनी व्हॉल्व्हकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे पाण्याचा काही संबंध नाही."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "पाणी चांगलं दिलंय. प्यायला मुळं राहिली नव्हती."

माझं काम राहिलं. माफी वगैरे कोणी मागितली नाही, मी वाट पण बघितली नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना कौसाबाई म्हणाली, "आज तू दोन सवाल विचारले. उद्या थंडीताप यील बघ तुला."

पाच झाडं आम्ही बुंध्यापर्यंत कापली. मॅडम म्हणाल्या, एखाद्यात जीव असेल तर फुटेल. एकच फुटलं, तेही उशिरा आणि एकाच बाजूनं. बाकीची चार उपटून टाकली. सहाव्या झाडाच्या जगलेल्या गुट्या जाळीच्या बाजूनं जपून उतरवून पिशव्यांत लावल्या. बागायतदाराला बहुतेक रोपं दुसरीकडून घ्यावी लागली आणि तो फोनवर मालकांना जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. गांधीलमाश्या थंडीत आपसूक निघून गेल्या, पण तोवर त्या फुटव्यांना हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. माश्या गेल्यावरही नाही.

तेव्हापासून नियम झाला. प्रत्येक मदर प्लांटवर एक जाड, भरपूर पानांची फांदी मोकळी ठेवायची. तिला चाकू लावायचा नाही. शकूरभाई नव्या बायकांना शिकवतात तेव्हा आधी ती फांदी दाखवतात आणि मगच गुटी.

यंदा पुन्हा मोठी ऑर्डर आली. मालक कानाला फोन लावूनच सहाव्या झाडाखाली आले. वर बघितलं, गुट्या मोजल्या, आणि नजर त्या मोकळ्या फांदीवर थांबली. फोनवर हात ठेवून ते म्हणाले, "ही एक पण बांधली तर? यंदापुरती. काय होतंय एका फांदीनं?"

शकूरभाई जेवायला गेले होते. कौसाबाई सुटीवर होती. तिथं मी एकटीच होते.

"नको," मी म्हणाले.

माझा आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला असावा, कारण फोनवरच्या माणसानं "कोण बोललं?" असं विचारलेलं मला पण ऐकू आलं. मालकांनी फोनवरचा हात काढला. मग फोनवर म्हणाले, "तुम्हाला मागितलीत त्यापेक्षा थोडी कमी रोपं मिळतील," आणि बोलत बोलत शेडकडं निघून गेले.

एवढ्या वर्षांच्या कामातून मी शिकले ते इतकंच. मोकळी फांदी रिकामी दिसते, म्हणून सगळ्यांचा डोळा तिच्यावर असतो.